उंबरठ्याबाहेरचं पुरण

दिवाळी अंकातल्या एका लेखातून मोरेश्वर मास्तरांना काय काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. नाव मिळणार होतं. ते सौंसरात होतंच, पण सौंसरातलं नाव सौंसरच्या बसस्टँडपर्यंतच चालतं. पुस्तक निघणार होतं. आणि पुस्तक निघालं की नागपूरच्या साप्ताहिकात संपादकांच्या शेजारची खुर्ची मिळणार होती. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांच्या नव्या रेषा पडायच्या होत्या. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहणार हे कळल्यापासून मास्तरांना ती खुर्ची स्वप्नात दिसू लागली होती. मराठी लिहिणाऱ्या माणसानं रेषेच्या या बाजूला राहून करायचं काय, असं ते चारचौघांत म्हणत. घरात म्हणत नसत, कारण घरात नलिनी होती आणि तिचं माहेर इथलंच, मोहगावचं.

मास्तर लिहीत ते रोजच्या जेवणावर. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, वडाभातावर ओतायचं कढवलेलं तेल, अंबाडीच्या भाजीत कण्या किती. चूल त्यांनी जन्मात पेटवली नव्हती, पण पेटलेल्या चुलीसमोर बसायची त्यांची तयारी मोठी होती. नलिनी रांधायची, मास्तर जेवायचे आणि नागपूरचे वाचक मिटक्या मारायचे. नलिनीचं एकच मागणं असे.

"माह्या हातचं लिवा, शेजारणीचं लिवा. मोहगावचं नका लिऊ."

"काहून?"

"नका लिऊ म्हणलं न!"

बाई लाजते, असा मास्तरांनी अर्थ काढला. तो त्यांना सोयीचा होता.

दिवाळी अंकाला विषय हवा होता आणि मोहगावात तो आयता बसला होता. त्यांची सासू देवकाबाई पंचक्रोशीत नावाजलेली सुगरण. पण नवरात्रातल्या अष्टमीला, कुळदेवीच्या नैवेद्याचं पुरण शिजायचं त्या दिवशी, बाई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. उंबरठ्याबाहेर बसायच्या आणि आत रांधणाऱ्या दोघी लेकींना सांगायच्या. "अलके, दाय बोटानं दाबून पाय. दबली? आता टाक गूय." जावईबापू ओसरीवरून हे दरवर्षी बघत. त्यांनी लिहिलं, 'या माउली हातानं नव्हे, जिभेनं पुरण शिजवतात. देवीच्या नैवेद्याला त्या बोटही लावत नाहीत. राणीनं कशाला लावावं?' वाक्य त्यांना इतकं आवडलं की नलिनीला न दाखवताच पाकीट टपालात पडलं.

अलका म्हणजे नलिनीची धाकटी बहीण. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलं होतं, नागपूरच्या भगवंतरावांच्या मुलाशी. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आतापासूनच "आमच्या नागपुरात" म्हणायची आणि नलिनी तिला त्यावरून पिडायची.

दिवाळी झाली आणि भगवंतराव काखेत अंक मारून मास्तरांकडे आले. जेवायला बसले. नलिनीनं गोळाभात वाढला.

"लेख झकास आहे जी, मास्तर. आमच्या घरी साऱ्यायनं वाचला. ते उंबरठ्याचं तेवढं विचारतो. खरं आहे, का लेखकाची कल्पना?"

कल्पना हा शब्द मास्तरांना झोंबला. "मी कल्पनेचं लिहीतच नाही, भगवंतराव. दरवर्षी पाहून राहिलो!"

"अवो, कढी वाढू का?" आतून नलिनी.

"थांब नं! एरवी आख्खं गाव जेवू घालतील, पण कुळदेवीच्या नैवेद्याले हात नाही लावत."

"तब्येतीचं असन काही."

"छे! ठणठणीत आहेत."

कढीचं भांडं घेऊन नलिनी दारात येऊन उभी राहिली होती. भगवंतरावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पानातलं सगळं निपटून खाल्लं, हात धुतला, सुपारी तोंडात टाकली.

"मी विचार करून राहिलो, मास्तर. आता तुम्ही मध्य प्रदेशात, आम्ही मुंबई राज्यात. पोरीले जाणं-येणं कठीण पडन. सोयरीक राहू द्या."

"अहो, पण बस तर तीच आहे!"

"बस तीच आहे," भगवंतराव म्हणाले, आणि ती गाठायला उठले.

मास्तर दारात उभे राहून नव्या राज्याला शिव्या देऊ लागले. नलिनीनं भांडं खाली ठेवलं.

"राज्याले काहून बोलता? मायचा पाट लागला होता. पयला नवरा तिगावचा, तो वर्षात गेला. मग बाबानं पाट लावून आणलं तिले. पाटाची बाई कुळदेवीच्या नैवेद्याले हात लावत नाही. मोहगावले माहीत आहे, नागपूरले माहीत नव्हतं. आता झालं."

मास्तरांचं घराणं दोन पिढ्या मास्तरकीतलं. घरी असं कधी घडलं नव्हतं, म्हणून डोळ्यांसमोर असलेलं त्यांना वाचता आलं नव्हतं. भगवंतरावांनी ते नागपुरात बसून वाचलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर केली असती मले?"

मास्तरांनी जवळचा तांब्या उचलून पाणी प्यायलं आणि तो पुन्हा तिथंच ठेवला.

"पुस्तकात तरी ते नका टाकू," नलिनी म्हणाली.

"आता काढून काय उपयोग? व्हायचं ते होऊन गेलं."

"अलकाचं अजून व्हायचं आहे."

संपादकांना तोच लेख पहिला हवा होता. मास्तरांनी एक आठवडा विचार केल्यासारखं केलं आणि होकार कळवला. पुस्तक नागपुरात गाजलं. ते पांढुर्ण्याच्या वाचनालयातही आलं, आणि जिथं जिथं अलकाची गोष्ट निघे तिथं ते तिच्या आधी पोचलेलं असे. शेवटी तिकडच्याच एका बिजवराला दिली, दोन लेकरांच्या बापाला. त्यानं काही वाचलेलं नव्हतं.

पुढच्या अष्टमीला देवकाबाई उंबरठ्याबाहेरही बसल्या नाहीत. गोठ्यात गेल्या आणि आरती होईपर्यंत आल्या नाहीत. आत नलिनी एकटी होती. पुरण करपलं, आणि देवीला तेच दाखवलं.

एकूण बेरीज अशी. संपादकांना पुस्तक मिळालं. भगवंतरावांना पाट न लागलेल्या आईची लेक सून म्हणून मिळाली आणि वर भरपेट जेवण. मास्तरांना खुर्ची मिळाली. नलिनी मागून येते म्हणाली ती आली नाही, तेव्हा ते खानावळीत जेवून घरच्या चवीवर लिहीत राहिले. देवकाबाईंचा अष्टमीचा आवाज गेला. आणि ज्या पोरीनं लेख लिहिला नव्हता, छापला नव्हता, वाचलाही नव्हता, तिनं सगळ्यांचं मिळून भरलं.