विळ्याचा काप

मोसंबीच्या कलमाला सांध्याखाली फुटवा आला की तो खुडून टाकायचा असतो. हे आज मी सगळ्या पंचक्रोशीला सांगत फिरते. तेव्हा मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. नव्या सुनेला अक्कल जरा जास्तच असते.

पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. सांडू मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दौलताबादच्या निजामुद्दीनचाचांकडून वीस कलमं आणली. चाचा जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, खुंटावर मोसंबीच्या फांदीचा डोळा बांधायचे. आमच्या गावात तोवर कुणी मोसंबी लावली नव्हती. पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. उन्हाळ्यात वरची मोसंबी मलूल पडली आणि खालून जंबेरीचे फुटवे जोमानं वर आले. मी विळा घेतला आणि वाळकं म्हणून वीसच्या वीस शेंडे उडवले. त्या काटेरी फुटव्यांना तीन वर्षं लेकरासारखं जपलं.

चौथ्या वर्षी फळ धरलं. मामंजींनी फोड तोंडात घातली आणि थुंकली. निजामुद्दीननं फसवलं, असं ते भरबाजारात बोलून आले.

दुसऱ्या दिवशी चाचा चालत आमच्या रानात आले. मामंजींच्या देखत झाडाशी बसून त्यांनी माती सारली आणि जुन्या कापावरून अंगठा फिरवला. मग घागर घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. तो काप माझ्या विळ्याचा होता, हे मला तेव्हा उमगलं. वीस झाडं नासली म्हणून मला कायमचं माहेरी धाडलं असतं.

"सांडूभाऊ, डोळा माझ्याकडूनच ढिला बांधला गेला," चाचा म्हणाले. "थंडीत येतो, याच झाडांवर पुन्हा बांधून देतो. पैसा नको. हाताखाली फक्त सूनबाईला द्या."

थंडीभर ते येत राहिले. साल कशी उचलायची, डोळा कसा बसवायचा, सगळं त्यांनी मला शिकवलं. एकदा धीर करून मी म्हणाले, "चाचा, कलमं मी कापली."

"मालूम हाय, बेटी. काप साफ व्हता, बकरी काय विळा घेऊन येत नाय. धागा घट्ट धर."

त्यांनी माझा संसार वाचवला आणि स्वतःचं नाव घालवलं. बाजारात त्यांच्या कलमांना कुणी हात लावेना.

तीन वर्षांनी मोसंबी आली. मामंजींनी फोड खाल्ली, दुसरी घेतली. "ह्या बारीला निजामुद्दीननं नीट बांधलं," म्हणाले.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण घास गोड लागेना.

"मामंजी, त्यांनी पहिल्या बारीलाबी नीटच बांधलं व्हतं. शेंडे मी कापले. त्यांनी माझ्यापायी आळ घेतला."

मामंजी न जेवताच उठले. मी गाठोडं बांधून ठेवलं.

सकाळी त्यांनी पाटीभर मोसंब्या तोडल्या आणि बाजार गाठला. चाचांच्या कलमांशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दिवसभर फोडी वाटल्या. "खाऊन बघा. निजामुद्दीनच्या कलमाची हाय. खोटं मी बोललो व्हतो," असं प्रत्येकाला सांगितलं, हे मला नंतर शेजारच्या कडूबानं सांगितलं.

तिन्हीसांजेला मामंजी परत आले ते बैलगाडीत वीस नवी कलमं घेऊन. माझ्या गाठोड्याकडे त्यांनी एकदा बघितलं.

"सांध्याखाली फुटवा आला तर काय करायचं?"

"खुडायचा," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"मग ते गाठोडं सोड, आन् कलमं उतरवून घे."