पाचवा दिवा

मी एक जुना स्विच आहे. दिव्याचं बटण नव्हे, मित्रांनो. घरातले संगणक एकमेकांना जोडणारी आठ खाचांची चपटी पेटी, प्रत्येक खाचेला एक चिमुकला दिवा. एका घरातले दोन-तीन संगणक जोडावेत, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं. पण माझ्या नशिबी क्यूबाच्या हवाना शहरातली अख्खी गल्ली आली. ओस्मेल नावाच्या तरुणाने गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांमधून वायरी ओढल्या आणि आठ घरं माझ्यात आणून खोचली.

मी राहायचो नेरेइदाबाईंच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याशेजारी. वीज त्या फुकट देत. बदल्यात एकच मागणं होतं : पाचवी खाच थोरल्या भावाची. इव्हेलिओ मागच्या रस्त्याला, चौथ्या मजल्यावर राहत. त्यांचे पाय गेलेले, बाईंच्या गुडघ्यांना जिने झेपेनात, आणि इव्हेलिओंना ऐकू येत नसल्याने फोनचा उपयोग शून्य. म्हणून रोज दुपारी चारला दोघं माझ्यातून डॉमिनो खेळत आणि लिहून लिहून भांडत. हरल्या की बाई टेबलावर अशी थाप मारत की मी जागचा हलायचो. सगळे मला गल्लीचं काळीज म्हणत. मीही फुशारून जायचो.

आमच्या जाळ्यात एक नियम होता : राजकारणाचं अक्षर लिहायचं नाही. उगाच वरून कोणी डोळे वटारायला नकोत. एकदा इव्हेलिओंनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "रेशनचा पाव इतका लहान झालाय की डॉमिनोची सोंगटी म्हणून खपेल." गल्ली पोट धरधरून हसली. ओस्मेल मात्र धावत आला.

"मावशी, दादांची वायर तीस दिवस बंद. नियम म्हणजे नियम."

"अरे मेल्या, पावात कसलं आलंय राजकारण?"

"पावातच तर असतं!"

"मग निदान वर जाऊन त्याला सांग तरी. तो वाट बघत बसेल."

"सांगतो की. हा निघालोच."

त्याने वायर उपटली. माझा पाचवा दिवा विझला.

बाई रोज विचारत, "सांगितलंस ना रे?" तो म्हणे, "हो हो, मावशी." तो गेलाच नव्हता. "चार जिने कोण चढणार, आणि वर म्हाताऱ्याच्या शिव्या कोण खाणार!" असं त्याने एका मित्राला लिहिलं होतं. माझ्यातूनच. मी ते इमानाने पोचवलं. आमची जातच तशी, येईल ते वाहायचं आणि गप्प बसायचं. त्या इमानाची मला आजही किळस येते.

एकोणिसाव्या दिवशी इव्हेलिओंची शेजारीण आली. ते पहाटे गेले होते.

"रोज चारला पडद्यासमोर बसायचे हो," ती म्हणाली. "म्हणायचे, नेरेइदा रुसलीय माझ्यावर. येईल उद्या."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी भिंतीतून माझी पिन उपटली. सगळी घरं एकदम मुकी झाली. ओस्मेल धापा टाकत आला.

"मावशी, काय केलंत! पोरांची गेमची स्पर्धा चाललीय, सगळे खोळंबलेत!"

"खोळंबू देत. तीस दिवस. नियम म्हणजे नियम."

एकतिसाव्या दिवशीही त्यांनी मला लावलं नाही. गल्लीने दुसरी पेटी आणली, दुसऱ्या घरात. मी इथेच आहे, माझ्यावर कॉफीचं भांडं ठेवतात. रोज चार वाजता बाई ते उचलतात, माझ्या पाचव्या खाचेकडे बघतात आणि परत ठेवतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला त्याची गरज नाही. पण कोणाची वायर उपटायची वेळ आलीच, तर आधी जिना चढा.