माणसं धरून वजन

आमच्या काउंटीत माणसाच्या चर्चला नावं ठेवलेली चालतात, त्याच्या मक्याला ठेवलेली चालतात, फार काय, बायकोच्या हातच्या खसखशीच्या गोड पावाला, म्हणजे कोलाचीला, नावं ठेवली तरी एखादा हसून सोडून देईल. त्याच्या पिकअप ट्रकबद्दल मात्र ब्र काढायचा नाही.

लुमिर कुचेराचा ट्रक लालभडक होता. गावच्या सहकारी धान्यकोठारावर एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळून तो निवृत्त झाला, आणि त्याच आठवड्यात त्यानं हा ट्रक आणला. दर शनिवारी तो त्याला न्हाऊमाखू घालायचा. त्याची बायको रोझेला म्हणायची, "एवढं पाणी माझ्या टोमॅटोंना मिळालं असतं, तर मी जत्रेतून बक्षीस आणलं असतं."

रोझेलाला टोमॅटोंपेक्षा टेक्सासची ओढ होती. तिची मोठी बहीण अ‍ॅग्नेस अगदी दक्षिणेला, फिरत्या घरांच्या एका वस्तीत राहायची. जानेवारीत नेब्रास्कात नाकातले केस गोठतात, तेव्हा अ‍ॅग्नेसचा फोन यायचा. "थांब हं, हात चिकट झालाय, आत्ताच झाडावरचं संत्रं तोडलं." इकडे रोझेला खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेला बर्फ बघत ते ऐकायची. गेल्या ईस्टरला मात्र अ‍ॅग्नेस संत्र्यांबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "रोझी, मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. आणखी किती हिवाळे आपण फोनवर काढायचे?" ते वाक्य रोझेलाच्या मनात रुतून बसलं होतं.

लुमिर विमानात बसायचा नाही, कारण पिवोला, म्हणजे त्यांच्या जाड्या कुत्र्याला, सामानाच्या कप्प्यात टाकायला तो तयार नव्हता. हॉटेलातल्या गादीवर त्याची पाठ धरायची. असं तीन वर्षं चाललं होतं. आणि मग या ऑक्टोबरात बर्निसनं तिचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकनं ओढायचं फिरतं घर, विकायला काढलं.

बर्निस म्हणजे रोझेलाची चर्चमधली मैत्रीण. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिला पायऱ्या चढवेनात. तिचं ते फिरतं घर काय विचारता, शेगडी, सोफा, आणि पुढच्या उंच मानेत ऐसपैस पलंग. "तुला मिळालं तर मला बरं वाटेल," ती रोझेलाला म्हणाली, "पण शनिवारी दुपारी बाराला कर्नीहून एक जण बघायला येतोय. त्याच्या आत सांग."

घोडं अडलं होतं ते लाल ट्रकापाशी. हे घर साध्या ट्रेलरसारखं ट्रकच्या शेपटीला अडकत नाही. ते आपली मान ट्रकच्या हौद्यात, बरोब्बर मागच्या चाकांवर टेकवून बसतं.

सकाळच्या कॉफीला कोठारावर जमणाऱ्या मंडळींना यात काहीच अडचण दिसली नाही.

"हा ट्रक?" एल्डन म्हणाला. एल्डन डुकरं पाळायचा, आणि दोन वर्षं या लाल ट्रकावर त्याचा डोळा होता. "हा सेंट वेन्सेस्लॉस चर्च पायासकट ओढून नेईल."

"ओढील रे," रोझेला म्हणाली. ती सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आणि त्या टेबलावरचे निम्मे लोक तिच्याच बसमधून शाळेत गेले होते. "पण पेलेल का? ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं."

"मिसेस के, तुम्ही फार काळजी करता," डेलमर म्हणाला. लुमिरनंतर काटा आता त्याच्याकडे होता.

"काळजी केली म्हणून तुझी हाडं शाबूत आहेत. सरळ बस."

डेलमर चाळिशी उलटलेला, तीन मुलांचा बाप. तो सरळ बसला.

लुमिरला मात्र हे बोलणं लागलं. वजनाच्या बाबतीत त्याला कोणी शिकवावं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातली गत. "बघतेस काय," तो म्हणाला, "काट्यावर घालतो आणि दाखवतो."

बुधवारी त्यानं तसं केलंही. आधी नुसता ट्रक काट्यावर घेतला. मग बर्निसच्या अंगणातून ते घर, तिच्या भांड्याकुंड्यांसकट, जोडून आणलं, आणि ट्रकची चाकं काट्यावर, घराची चाकं बाहेर, असं उभं करून पुन्हा वजन केलं. दोन्ही वेळा डेलमरनं खिडकीतून रिवाजाप्रमाणे हाक दिली, "माणूस वर की खाली?"

"वर," लुमिर दोन्ही वेळा म्हणाला.

मक्याच्या काट्यावरचा हा जुना नेम आहे. भरलेली गाडी तोलताना चालक वर बसला असेल, तर रिकामी तोलतानाही त्यानं वर बसायचं. दोन्ही वेळा सारखं असलं म्हणजे माणूस वजाबाकीत आपोआप उडून जातो, आणि मागं उरतो तो शुद्ध मका.

लुमिरनं वजाबाकी केली. घराची मान हौद्यात किती भार टाकते ते निघालं, आणि ट्रक किती पेलतो ते त्याला पाठच होतं. "तीनशे पौंड शिल्लक," त्यानं स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं. "फक्त तुझं ते शिवणयंत्र घरी ठेवू. उगाच कशाला."

रोझेलानं शिवणयंत्राचं दुःख गिळलं आणि अ‍ॅग्नेसला फोन लावला. पलीकडे अ‍ॅग्नेस रडली की हसली ते नीट कळलं नाही, पण थँक्सगिव्हिंगच्या आत या, एवढं तिनं तीनदा सांगितलं.

शुक्रवारी दोघं सरावाला बाहेर पडली. मागं घ्यायची वेळ आली की लुमिर घर डावीकडे जायला हवं असताना उजवीकडे न्यायचा, मग स्टिअरिंगवर चिडायचा, मग पिवोवर. शेवटी चालकाच्या जागी रोझेला बसली आणि तिनं ते लांबलचक धूड बर्निसच्या दोन झाडांमधून एका दमात मागं घातलं. बर्निसनं ओसरीवरून टाळ्या वाजवल्या. लुमिर म्हणाला, आरसे तिच्या उंचीला बरोबर बसतात म्हणून.

पण हमरस्त्यावर आल्यावर रोझेलानं वेग कमी केला. स्टिअरिंग हाताला हलकं लागत होतं. ट्रकचं नाक वर उचललं गेलं होतं, आणि पुढची चाकं रस्त्याला धड टेकल्यासारखी वाटत नव्हती. बर्फावर मुलांनी भरलेली बस चालवलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. नदीकडच्या उताराआधी तिनं गाडी कडेला घेतली, दार उघडलं, आणि दाराच्या चौकटीवरची छोटी पट्टी चष्मा लावून वाचली. माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये.

"लुमिर, तू आपल्याला धरलंस का?"

"कशात?"

"वजनात. तू, मी, हा कुत्रा, ही तुझी अवजारांची पेटी, घराची मान टेकवायची हौद्यातली ही लोखंडी बैठक."

दोन्ही वेळा लुमिर वर होता. दोन्ही वेळा पेटी वर होती, बैठकही वर होती. सगळं वजाबाकीत उडून गेलं होतं. एकतीस वर्षांत त्यानं जगातला सगळा मका तोलला होता, आणि एकदाही माणूस मोजला नव्हता.

"गाडी तू चालव," तो म्हणाला. "सावकाश."

रात्रीच्या जेवणाला बटाट्याचं सूप होतं. लुमिर त्यात चमचा फिरवत बसला.

"रोझ. तुझं, म्हणजे साधारण, किती..."

रोझेलानं पातेल्यावर झाकण ठेवलं. "किती काय?"

"मी नाही विचारत. ट्रक विचारतोय."

"ट्रकला म्हणावं, चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला सांगितलं नाही, तुला काय सांगू." मग तिला त्याची दया आली. "उद्या काट्यावर सगळे एकदम चढू. मी, तू, पिवो. कुणाचं किती ते देवाला ठाऊक."

शनिवारी सकाळी कोठारावर ही एवढी रांग लागली होती. सुगी ऐन भरात, मक्यानं भरलेल्या गाड्या रस्त्यापर्यंत, आणि काट्याचे लाल आकडे छतावरच्या मोठ्या पाटीवर सगळ्या जगाला दिसतील असे. रोझेलानं पाटीकडे पाहिलं आणि हातातली पर्स मांडीवर घट्ट धरली, जणू तेवढ्यानं काही कमी होणार होतं. रांगेतल्या लोकांनी इंजिनं बंद केली. दुसऱ्याच्या ट्रकची फजिती फुकटात बघायला मिळणार असेल, तर आमच्याकडे मका थांबतो.

मागं घर जोडलेला लाल ट्रक काट्यावर चढला. आकडे पळाले, थरथरले आणि थांबले.

"दारावरच्या आकड्याच्या वर," डेलमर खिडकीतून हळूच म्हणाला. "जवळजवळ चारशेनं."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, मागं जास्तीच्या स्प्रिंगा टाक. कोणी म्हणालं, दारावरची पट्टी वाचतो कोण. तिसरा म्हणाला, मी याच्या दुप्पट घेऊन कोलोरॅडोला गेलो होतो, आणि चौथ्यानं आठवण करून दिली की येताना तो ट्रकशिवाय आला होता.

"स्प्रिंगा टाकून नाक खाली येईल," लुमिर म्हणाला. "ट्रक तोच राहील."

"सोपं आहे," डेलमर म्हणाला. "तुम्हा दोघांपैकी एकानंच जायचं."

"मग मीच जाते," रोझेला म्हणाली. "मला मागं तरी घेता येतं."

सगळे हसले, रोझेलाही हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. अकरा वाजून गेले होते. कर्नीचा माणूस निघाला असेल. लुमिर खाली उतरून लाल ट्रकच्या बॉनेटला हात लावून उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, संपलं. या माणसानं तिला कधी उपाशी ठेवलं नव्हतं, कधी वाईट बोलला नव्हता, आणि आता तो म्हणेल, पुढच्या वर्षी बघू. अ‍ॅग्नेसला काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

लुमिर रांगेकडे बघत होता. तिसऱ्या नंबरला एल्डनचा पांढरा ट्रक होता, मागं मक्याची गाडी अडकवलेला. एक टनी, म्हणजे लालपेक्षा बराच जास्त पेलणारा, मागं दोनाऐवजी चार चाकं, दारावर पोचा, आणि वारा तिकडून आला की डुकरांची वर्दी देणारा. पाइपलाइनच्या कामाला होता तेव्हा एल्डन असंच घर घेऊन राज्यभर फिरला होता. हौद्यातली त्याची बैठक अजून तशीच होती.

"एल्डन," लुमिर म्हणाला, "तुला माझा लाल अजून हवाय का?"

एल्डनच्या तोंडातली काडी खाली पडली. "कधी?"

"बाराच्या आत."

"चेष्टा करतोस का? माझा हा... तू वास घेतलायस ना त्याचा?"

"दोन वर्षं कॉफीला तुझ्या शेजारी बसतोय. सवय आहे."

"लुमिर," रोझेला खिडकीतून म्हणाली, "अरे, तू तो ट्रक दर शनिवारी..."

"पांढराही धुता येतो." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बॉनेटवरचा हात मात्र काढला. "अ‍ॅग्नेस अठ्ठ्याहत्तरची आहे. फोनवर मोठ्यानं बोलता तुम्ही दोघी, मला हॉलमध्ये ऐकू येतं. ट्रक काय, पुन्हा मिळेल."

एल्डननं मक्याची गाडी सोडली, लुमिरनं लाल ट्रकमागचं घर सोडवलं, दोघांनी हात मिळवले, किल्ल्यांची अदलाबदल झाली. कागदपत्रं सोमवारी, एवढंच ठरलं. डेलमरनं बर्निसला फोन करून सांगितलं की कर्नीच्या पाहुण्याला कोलाची दे आणि परत पाठव. रोझेला पांढऱ्या ट्रकात चढली, काच खाली केली, नाक मुरडलं, आणि एका दमात मागं येऊन घराच्या मानेखाली बैठक बरोब्बर सरकवली. ट्रक जरासा दबला, पण नाक जिथल्या तिथे राहिलं.

ती काट्यावर आली. लुमिर पिवोला ढकलत शेजारी बसला. येताना त्यानं लाल ट्रकातून अवजारांची पेटी आणली होती, आणि दुसऱ्या हातात काहीतरी जड, चादरीत गुंडाळलेलं होतं. रोझेलानं चादर उचलून पाहिलं तर तिचं शिवणयंत्र.

"हे कधी घेतलंस?"

"सकाळी. म्हटलं, एकदम सगळंच तोलू."

"माणूस वर की खाली?" डेलमरनं सवयीनं हाक दिली.

एकतीस वर्षं हा प्रश्न लुमिरनं दुसऱ्यांना विचारला होता, आणि उत्तर काय येतं याची त्याला कधी फिकीर नव्हती.

"वर," तो म्हणाला. "दोघंही. आणि या खेपेला धर आम्हाला."

आकडे पळाले आणि थांबले. डेलमरनं दारावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं आणि खिडकीतून अंगठा वर केला. बरंच काही शिल्लक होतं. परतीच्या वाटेवर संत्र्यांचं खोकं मावलं असतं.

मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, कारण फजिती संपली होती आणि मका पुन्हा महत्त्वाचा झाला होता. रोझेलानं पाय ब्रेकवरून काढला नाही. ती लुमिरकडे झुकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि चव्वेचाळीस वर्षांत कोणालाही न सांगितलेला आकडा तिनं त्याला सांगितला.

लुमिरनं गंभीरपणे मान हलवली.

"सांगतो ट्रकला," तो म्हणाला. "चल."