शिकाऊ उतार

“पन बरफ खराच हाय का?” केसरबाईंनी विचारलं.

तातेरावांनी ताटाशेजारी एका जुन्या नकाशाची कोरी पाठ पसरली होती. तिच्यावर पेन्सिलीनं ते एक लांब उतार काढत होते. “खरा न्हाई. टेकडीवर पांढरं, ब्रशासारखं प्लास्टिक अंथरलंय. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या अन् घसरत खाली यायचं.”

“हौ अम्मा,” फोनमधून मान वर न काढता पद्मा म्हणाली. “पन साडी नक्को बोले उनो, वहाँके लोकां. पँट पायजे.”

“मग मी खालीच बसते, डबा धरून.”

“तूबी घसरनार,” तातेराव म्हणाले.

तारनाक्याच्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर हेच चाललं होतं. तातेराव गजभारे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. एकोणतीस वर्षं त्यांनी कधी न चढलेल्या टेकड्यांच्या रेषा ओढल्या होत्या. देगलूरच्या शाळेतल्या कॅलेंडरावर लहानपणी बर्फाचा डोंगर पाहिला, तेव्हापासून कागदावरची प्रत्येक टेकडी त्यांच्या मनात पांढरी होत जायची. हात रेषा ओढत राहायचा आणि मन त्या पांढऱ्यावरून, जरासाही आवाज न करता, खाली खाली जात राहायचं. शिपायानं चहा ठेवलेलाही कळायचा नाही.

राज्याचे दोन भाग झाले होते, आता कचेरीचेही होत होते. कपाटांवर खडूच्या खुणा पडल्या होत्या. बाकीच्यांची गावं इकडची नाहीतर तिकडची. तातेरावांचं गाव तिसऱ्याच राज्यात, त्यामुळे त्यांचं काय होणार हे कोणालाच सांगता येईना.

शुक्रवारी दुपारी बदलीचा कागद आला. विजयवाडा, म्हणजे वाटणीतलं पलीकडचं राज्य. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. केसरबाईंची अंगणवाडी इथली, पद्माची बँकही याच शहरात, हिमायतनगरला. म्हणजे जायचं ते एकट्यानंच, निवृत्तीपर्यंतची पाच वर्षं.

कागदाची घडी पिशवीत तळाशी घालून ते घरी आले आणि म्हणाले, “परवा सहालाच निघू. ऊन चढायच्या आत वर पोचलं पायजे.”

शनिवारी संध्याकाळी पद्मा बाहेर गेली होती. केसरबाई आतल्या खोलीतून आल्या त्या लेकीची निळी पँट घालून. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच. तातेराव बघतच राहिले.

“बघत काय बसलाव? उभं कसं ऱ्हायचं ते दावा.”

पद्मानं फोनवर दाखवलं होतं, तसं त्यांनी केसरबाईंना उभं केलं. गुडघे थोडे वाकवून, अंगाचा भार पुढं. दोन्ही कोपरं धरून ते समोर उभे राहिले. खिडकीतून पिवळं ऊन फरशीवर तिरपं पडलं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, फरशीच हळूहळू कलते आहे आणि दोघं मिळून कुठंतरी निघालेत.

“उद्या रातच्याच गाडीनं निघायचं न्हवं तुमाला?” केसरबाईंनी त्याच आवाजात विचारलं.

त्यांनी कोपरं सोडली नाहीत. “कोन बोललं?”

“शेजारच्या इंदुताई. त्यांच्या मालकाचंबी नाव हाय म्हने तुमच्या कचेरीच्या यादीत. तुमी सांगाल म्हून कालपासनं गप हाय मी.”

“घसरून आल्यावर सांगनार होतो.”

“मग आल्यावरच सांगा. पोरीलाबी तवाच.” त्यांनी पावलं सरळ केली. “आता गुडघं अजून वाकवू का, तेवढं बोला.”

रविवारी आठच्या सुमाराला ते शहराबाहेरच्या त्या टेकडीवर होते. काळ्या खडकांमधून पांढरा पट्टा खाली उतरला होता, कोणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखा. पद्मा मोठ्या उतारावर तीनदा पडली आणि तिन्ही वेळा हसत उठली. हे दोघं शिकाऊ उताराच्या माथ्यावर उभे होते. तिथल्या माणसानं केसरबाईंना कडेपर्यंत धरून नेलं आणि हात सोडला.

त्या निघाल्या. सावकाश, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून. प्लास्टिकची बारीक सळसळ तेवढी ऐकू येत होती. तातेरावांना वाटलं, हा उतार संपूच नये. पण त्या लहान लहान होत गेल्या, आणि न पडता तळाशी थांबल्या.

त्यांनी एकदा वर पाहिलं. हात केला नाही. मग पायातल्या लांब पट्ट्या सांभाळत, एकेक पाऊल टाकत, त्या बाजूला सरकल्या आणि तातेरावांना खाली यायला वाट मोकळी करून उभ्या राहिल्या.