पाचवा स्क्रू

कोलकात्यात सियालदह स्टेशनजवळच्या हॉलमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लोहेश्वर महाराज म्हणे चिरफाड न करता पाठीतलं लोखंड काढतात! "डॉक्टर लोखंड ठोकतो, आम्ही दुःख उपटतो," महाराज हिंदीत गरजत होते. आवाज कसला, भोंगाच तो.

विजयाताई नवऱ्याला हाताला धरून पुढे सरकल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या दत्तात्रयरावांच्या कमरेत दीड महिन्यापूर्वी चार स्क्रू आणि दोन सळ्या बसवल्या होत्या. दुखणं मात्र हटत नव्हतं. त्यांचं कण्हणं ऐकून विजयाताईंचा जीव तुटायचा.

महाराजांनी पाठीला हळद फासली आणि ओल्या मुठीने चोळली. पाठ लालभडक! मूठ उघडली, वाटीत टणकन स्क्रू पडला. "कमरेचा पट्टा फेका. रोज एकवीस साष्टांग नमस्कार!"

विजयाताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. घरी येऊन त्यांनी तो स्क्रू देव्हाऱ्यात ठेवला.

अठराव्या दिवशी दत्तात्रयरावांना नमस्कारातून उठताच येईना.

शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टर सलील यांनी नवा एक्स-रे उजेडाला धरला. "मोजा, मासीमा." विजयाताईंना ते बंगाली रीतीने मावशी म्हणत.

चार. चारही स्क्रू आतच होते.

"मग देव्हाऱ्यातला?"

"हार्डवेअरच्या दुकानातला असेल. आतले स्क्रू मणके जागेवर धरतात, म्हणजे मधलं हाड जुळून येतं. त्याला कित्येक महिने लागतात. तोवर रोज वाकणं म्हणजे भिंतीतला खिळा रोज हलवणं. भोक मोठं झालं, स्क्रू सैल झाले. मणका सरकला आणि नस दबली."

"पण रक्त मी या डोळ्यांनी…"

बोलता बोलता त्या थांबल्या. हळद. ओली मूठ. चुन्याचं पाणी! मुलांच्या मुरगळलेल्या पायांना हळद-चुन्याचा लेप त्यांनीच तर लावला होता. त्याचा लाल रंग त्यांना ठाऊक नव्हता? होता हो. पण त्या दिवशी त्यांना फक्त नवरा बरा झालेला बघायचा होता.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तरी उजवं पाऊल उचललं जाईना. "तू माझ्या भल्यासाठीच केलंस," दत्तात्रयराव म्हणाले. त्यांनी रागावायला हवं होतं. विजयाताईंना ते सोसलं असतं.

ते घरी आल्यावरच्या शनिवारी विजयाताई त्याच हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. रांगेसमोर त्यांनी तळहातावर हळद घेतली, चुन्याचं पाणी टाकलं आणि लाल हात सगळ्यांना दाखवला. सेवेकरी अंगावर आले. त्या हलल्या नाहीत. रांगेत कमरेला पट्टा बांधलेली एक तरुण बाई होती. तिला त्या मोडक्यातोडक्या बंगालीत म्हणाल्या, "पट्टा सोडण्याआधी एक एक्स-रे काढ, बाळा. डॉक्टरांना विचार. मी विचारलं नाही. माझा माणूस आता पाय ओढत चालतो."