धाकटीच्या वाटचं पाणी

बांधाच्या अलीकडे थोरलीचा मका, पलीकडे धाकटीचा. दोघी जावांना विहीर एक, पाट एक, सासराही एकच. जिच्या रानाची कणसं सरस, तिच्याच रानाचं बी पुढच्या साली दोघींनी पेरायचं आणि बियाण्याच्या कोठीची किल्लीही तिनंच सांभाळायची, असा घरचा शिरस्ता. धाकटी घरात येऊन चार वर्षं झाली होती. किल्ली अजून थोरलीच्याच कमरेला होती.

बाकी सगळं धाकटीकडे गेलं होतं. सासरा हसायचा तिच्या बोलण्यावर, शेजारीण थांबायची तिच्या दारात. एवढंच काय, तिच्या शेळीला जुळी झाली, तेही थोरलीच्या डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं.

मका गुडघ्याएवढा झाला. धाकटी वीतभर खोल उकरून माती काढायची, मुठीत दाबायची आणि म्हणायची, "गोळा होतोय. ओल आहे अजून, इतक्यात पाणी नको."

"माती आहे गं ती, कणीक नव्हे," थोरली टोमणा मारी.

पण मनात वेगळंच शिजत होतं. पाण्याची पाळी ठरलेली. धाकटीची पाळी आली, की दुपारी सगळे लवंडल्यावर थोरली कुदळ घेऊन पाटावर जाई आणि पाणी आपल्या रानात वळवी. वळवताना आपसूक ओठांवर ओवी येई:

*वरल्या गं रानाचं, पाणी खालल्या रानी जाई*
*माझ्या गं मनाचं, पाणी कुठंच मुरत नाही*

असं तीनदा झालं. थोरलीचा मका तरारला, काळाभोर हिरवा. धाकटीचा भर उन्हात पानांच्या सुरळ्या करून उभा.

"काय गं, तुझा मका तोंड लपवतोय?"

"कामाला लावलंय त्याला, जाऊबाई."

भांडली असती तर थोरलीच्या जिवाला गार वाटलं असतं. पण ही हसून मोकळी! थोरली आणखीच जळली.

तुरे आले. चौथ्यांदा थोरली कुदळ घेऊन गेली, तर पाटात पाय सोडून धाकटी बसलेली.

"आता नाही हं, जाऊबाई. तुरा आलाय. आता एक थेंब सोडायची नाही मी."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! थोरली आल्या पावली परतली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दाणे भरायच्या ऐन वेळी विहिरीवरची मोटर जळली. "आठ दिवस," मिस्त्री म्हणाला, लावले बारा. तिसऱ्याच दिवशी थोरलीच्या मक्यानं सकाळी दहालाच मान टाकली, आणि संध्याकाळी ती उचलली नाही. धाकटीचा मका दुपारी सुरळी करी, ऊन कललं की पुन्हा पान उघडी.

काढणीला सासऱ्यानं दोन्ही रानांतलं एकेक कणीस सोललं. थोरलीच्या कणसाचा शेंडा बोडका. धाकटीचं टोकापर्यंत भरलेलं. मग त्यानं मक्याचं एकेक ताट उपटलं. थोरलीचं अलगद हातात आलं, मुळ्या वरच्यावर, पायपुसण्यासारख्या पसरलेल्या. धाकटीचं हलेना. खणावं लागलं, कोपरभर खड्डा झाला तरी मुळी खालीच चाललेली.

"उशाशी तांब्या असला, तर विहिरीवर कोण जाईल?" सासरा थोरलीची मुळी हलवत म्हणाला. मग धाकटीकडे वळला. "हे वळण याला कुणी लावलं गं?"

थोरलीनं कमरेची किल्ली मुठीत धरली. आता ही सांगणार.

"जाऊबाईंनी," धाकटी म्हणाली. "कोवळेपणी तीन पाळ्या चुकवायच्या होत्या. माझा जीव कच्चा, पान मिटलं की हात पाटाकडे जातो. त्यांनी पाणी येऊच दिलं नाही."

ही माया की चपराक, थोरलीला उमगेना. तिनं कमरेची किल्ली सोडली, धाकटीच्या हातात ठेवली आणि सासरा पुढं गेल्यावर त्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी गारवा होता. तो तिच्याही रानाखाली होता. तिथवर जायची तिच्या मक्याला कधी गरजच पडली नव्हती. तिला त्या मुळीचासुद्धा हेवा वाटला.

"पुढच्या खेपेला," ती हात न काढताच म्हणाली, "माझ्या पाळ्या तू चोर."

"बघते," धाकटी म्हणाली. "पण दुपारी मला झोप येते हो, जाऊबाई."