भीमराजचा खड्डा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं शहाणी माणसं सांगतात. भीमराजनं आधी पाय पसरले आणि मग अंथरुणाला ठिगळं लावत बसला.

बिदरच्या बस डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिकी करून तो रिटायर झाला आणि मैलूरच्या आपल्या घरी ओट्यावर येऊन बसला. सहा महिने बसला. लांबच्या मोठ्या रस्त्यानं बस गेली की मान वर करायची, आवाज ऐकायचा, मान खाली घालायची. बायको सरुबाई विचारायची, "काय जेवनार?" तर म्हणायचा, "काय बी." दिवसभराचं त्याचं बोलणं तेवढंच.

मग हैदराबादहून पोराचा, संघपालचा फोन आला. "अप्पा, तुम्ही आणि आई इकडंच या राहायला. एक खोली रिकामीच आहे. दसऱ्याला न्यायला येतो."

भीमराज खाडकन उठून उभा राहिला. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये तो एकदा चार दिवस राहिला होता आणि चारही दिवस लिफ्टचा आवाज ऐकत बसला होता. तिथं आपण वर्षभरात मरू, असं त्याला मनापासून वाटत होतं. "मी न्हाई येत," तो म्हणाला. "मला हितं काम हाय."

"कसलं काम?"

ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याची नजर परसात गेली. "गॅरेज टाकायलोय," तो म्हणाला.

संघपाल कंपनीत नोकरीला, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीची तारीख लागायची. "ठीक आहे," तो म्हणाला. "दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तुमच्या गॅरेजातनं एक तरी गाडी दुरुस्त होऊन बाहेर पडली, तर मी हैदराबादचं नाव काढणार नाही. नाही पडली, तर दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं."

"येक कामून? धा काढतो," भीमराज म्हणाला. बोलायला काय जातं?

दसऱ्याला दोन महिने होते. फंडाचा पैसा घराच्या स्लॅबात आणि पोरीच्या नर्सिंगच्या फीत कधीच जिरला होता. राहिलं होतं त्यात एखाद्यानं बरंसं न्हाणीघर बांधलं असतं. वरून सरुबाईनं आपली भिशी उचलून दिली. देताना ती काहीच बोलली नाही, याचं भीमराजला जरा नवल वाटलं. पण बाई न बोलता पैसे देते आहे तर विचारू नये, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं.

कागदावरचा नकाशा त्याला कधी उमगला नाही. त्यानं चुन्याची पिशवी घेतली आणि परसात जमिनीवरच खऱ्या मापाचं गॅरेज आखलं. भिंती, दार, कामाचं टेबल, पाने लावायची फळी, सगळं. चार दिवस ते गॅरेज तसंच चुन्यात उभं होतं. सरुबाई धुणं वाळत घालायला निघाली की हा ओट्यावरून ओरडायचा.

"भिंतीतनं कामून जायलीस? दार तिकडं हाय."

सरुबाई बादली घेऊन मागं फिरली, चुन्याच्या दाराशी गेली आणि हवेतच कडी वाजवली. "येऊ का?"

"ये."

ती आत गेली, इकडं तिकडं पाहिलं. "लई अंधार हाय की वो. खिडकी ठिवा येक."

भीमराजनं खरोखरच खिडकी आखली. पुढं त्या नकाशात जे काही बदललं नाही, ती ही एवढी खिडकी.

बाकी सगळं बदललं. भिंती विटांच्या होणार होत्या, त्या फुटक्या शहाबादी फरशीच्या झाल्या. कोपरे तुटलेली फरशी वखारवाले मातीच्या मोलानं देतात. ती शेताच्या कुंपणासारखी एकाला एक लावून उभी केली. खांब भंगारातल्या पाइपांचे, पत्रे कुणाच्या तरी गोठ्यावरचे. चिटगुप्पा गावात एक पाडलेलं दुकान होतं, तिथनं शटर आणलं, ते अर्धा फूट जास्त रुंद निघालं. शटर कापता येईना, म्हणून भिंत सरकवली. शटरवर बांगड्यांच्या दुकानाची जाहिरात होती आणि रंगाला पैसे नव्हते. त्यामुळे भीमराजच्या गॅरेजात आठवडाभर बायका येऊन हिरव्या बांगड्यांचा भाव विचारून गेल्या.

काटकसर केली नाही ती एकाच गोष्टीत. गवंडी बंडेप्पाला त्यानं मधोमध उभं केलं आणि सांगितलं, "हितं खड्डा घ्यायचा. आठ फूट लांब, अडीच रुंद, पुरुषभर खोल. उतरायला मागनं पायऱ्या."

"टाकी का अण्णा, पाण्याची?"

"टाकी कामून? मी उभा ऱ्हानार त्यात."

बंडेप्पानं त्याच्याकडं काळजीनं पाहिलं. पण भीमराजचं बरोबर होतं. डेपोत बस खड्ड्यावर उभी राहते आणि मेकॅनिक खाली उतरून तिचं पोट तपासतो. चौतीस वर्षं त्यानं गाडी खालूनच पाहिली होती. खड्ड्याशिवाय गॅरेज म्हणजे त्याच्या लेखी चुलीशिवाय स्वयंपाकघर. मैलूरचा लाल दगड पंधरा दिवस कुदळीला दाद देईना. गल्लीत बातमी फुटली की भीमराजला सुलतानाच्या काळातला हंडा सापडला आहे. रोज दहा माणसं काठावर येऊन आत डोकावायची आणि हंडा दिसला नाही की त्यालाच लबाड म्हणत परत जायची.

दसरा आला. सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून घरातल्यांनी पंचशील म्हटलं आणि भीमराजनं शटर वर केलं. संघपाल आदल्या रात्रीच आला होता. त्यानं शेड पाहिली, खड्डा पाहिला आणि खुर्ची टाकून बसला.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. येणार कसं? आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच सगळ्या मैलूरनं गाड्या धुऊन, हार घालून, पुढ्यात कोहळा फोडून पूजल्या होत्या. ताज्या पूजेच्या गाडीला पाना लावायला कोण देणार? चौतीस वर्षं डेपोतल्या बसना हार घालणाऱ्या माणसाला ही तारीख कबूल करताना हे सुचू नये, याला काय म्हणावं? चार वाजता भीमराज गल्लीत जाऊन दोन्हीकडं पाहून आला.

साडेचारला शेजारचा तुळजाराम आपली ऑटो घेऊन आला. ऑटोला झेंडूचे हार होते आणि आतून भांडी आपटल्यासारखा आवाज येत होता. "अण्णा, पूजा झाल्यापून खडखड करायलीय. बघता का?"

"आन, आन, आत आन," भीमराज म्हणाला.

तुळजारामनं ऑटो आत घातली. ती चार फूट पुढं गेली आणि तिचं पुढचं चाक सरळ खड्ड्यात उतरलं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदमच कळलं. बसला चाकं दोन बाजूंना असतात, मधे खड्डा असला तरी ती आरामात उभी राहते. ऑटोला पुढचं चाक एकच, आणि ते बरोब्बर मधे. आणि गल्लीत भीमराजच्या दाराशी येऊ शकेल अशी एकही चारचाकी नव्हती. होत्या त्या सगळ्या ऑटो. हे भीमराज रोज ओट्यावर बसून पाहत होता.

"बस बघून बघून सगळ्यालाच चार चाकं दिसायली वाटतं अण्णाला," काठावरून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. सहा जणांनी मिळून ऑटो उचलून बाहेर काढली. झेंडूचा हार तेवढा खड्ड्यात पडला.

संघपाल हसला नाही. तेच भीमराजला जास्त लागलं. "अप्पा, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "उद्या नऊला निघू."

भीमराज खाली खड्ड्याच्या पायरीवर जाऊन बसला. आपण म्हातारे झालो आहोत आणि ते आपल्यालाच सगळ्यात शेवटी समजलं, असं त्याला वाटलं. लाज वाटली आणि रडूही आलं.

सरुबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून ऑटोभोवती फिरत होती. "काय रं तुळजाराम," तिनं विचारलं, "हिचं इंजन कुटं असतंय?"

"मागं, अक्का. शिटाखाली."

"मागची चाकं दोन हायती?"

"दोन."

"मग तोंड कामून घालायलाव आत? दुखनं बुडाला अन् तपासायलाव नाक. उलटी घाला की."

लोकांचं हसणं थांबलं. तुळजाराम ऑटोत बसला, मान मागं वळवली आणि ऑटो हळूहळू उलटी आत घेतली. मागची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही काठांवरून बेतानं गेली. पुढचं चाक दाराशी पक्क्या जमिनीवर राहिलं. इंजिन नेमकं भीमराजच्या डोक्यावर येऊन थांबलं.

खालून त्याला पाच मिनिटं लागली. इंजिन बांधून ठेवणारा एक बोल्ट पडला होता. त्यानं डब्यातला बोल्ट बसवला, आवळला, आणि सुरू करायला सांगितलं. ऑटो गुमान गुरगुरली. तुळजाराम दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला. दिवस अजून मावळला नव्हता.

पांगापांग झाली. भीमराज खड्ड्यातच पाने पुसत होता. वर संघपाल आईला दबक्या आवाजात म्हणाला, "आता काय करायचं? तूच फोन केला होतास ना, अप्पांना घेऊन जा म्हणून?"

भीमराजचा हात थांबला.

"व्हय, केल्ता," सरुबाई म्हणाली. "सा महिने मानूस वट्ट्यावर मुका बसलेला. मी तरी कुनासंगं बोलू? भिंतीसंगं? आता बोलायलाय तर ऱ्हाऊ दी. तू जा उद्या."

भीमराजनं पाना खाली ठेवला. सहा महिने आपण एकटेच होतो असं त्याला वाटत होतं. घरात आणखी एक माणूस एकटं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हाताशी तेलाचा बोळा तेवढा होता, तो त्यानं वापरला आणि तोंड काळं करून घेतलं.

"सरू," त्यानं हाक मारली. "खाली ये जरा."

"मी कामून येऊ खड्ड्यात?"

"ये की. बोलायचं हाय."

ती कुरकुरत पायऱ्या उतरली. त्याचं तोंड पाहून तिनं पदर तोंडाला लावला. त्यानं पायरीवर जागा केली, ती बसली आणि भीमराज डेपोतला पहिला दिवस सांगायला लागला. अंधार पडला तरी दोघं वर येईनात, तेव्हा संघपालनं चहा केला आणि वाकून दोन कप खाली दिले.